खेळायचे पैसे मिळत नाहीत, तरी रेफरी मार खातो : आयर्लंडच्या गावागावातल्या गेलिक फुटबॉलचा विषय नेमका काय आहे?

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. आयर्लंडमध्ये रॉसकॉमन नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. तिथं पोरांची मॅच होती. पोरं म्हणजे मिसरूडही धड न फुटलेली, अठरा वर्षांच्या आतली. पैशाचा प्रश्नच नव्हता, टीव्हीवर मॅच दिसणार नव्हती. या मॅचच्या वेळी रेफरीवर हल्ला झाला. माणूस मैदानात बेशुद्ध पडला आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या आयर्लंडमध्ये चर्चा सुरू झाली. रॉसकॉमनच्या जिल्हा मंडळानं त्या वीकेंडच्या काउंटीतल्या सगळ्याच्या सगळ्या मॅच रद्द करून टाकल्या. लहान पोरांच्या, मोठ्यांच्या, सगळ्या.

आता तुम्ही म्हणाल, खेळात भांडणं कुठं होत नाहीत? बरोबर आहे. पण इथला विषय थोडा वेगळा आहे. मारणारा, मार खाणारा, साक्षीदार आणि पुढं शिक्षा ठरवणारी कमिटी, हे सगळे एकाच जिल्ह्यातले, कधी कधी तर एकमेकांच्या शेजारचे असतात. आणि यातल्या कुणालाच या खेळाचा पगार मिळत नाही. मग एवढं डोकं फिरण्यासारखं त्यात असतं काय, हे बघायला पाहिजे.

आधी हा खेळ काय आहे ते बघू

गेलिक फुटबॉल म्हणजे आपण टीव्हीवर बघतो तो फुटबॉल नाही. बॉल गोल असतो, पण तो हातानं पकडता येतो. हातात घेऊन चार पावलं पळता येतं. त्यापुढं पळायचं तर बॉल जमिनीवर टप्पा द्यायचा किंवा स्वतःच्याच पायाच्या चवड्यावर मारून परत हातात घ्यायचा. एका टीममध्ये १५ खेळाडू. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून जाळ्यात बॉल गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. दांडीवरून गेला तर एक पॉइंट. २०२५ पासून लांबून, ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन.

हा खेळ चालवते गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए. १ नोव्हेंबर १८८४ ला थर्लस गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि त्याच्या सोबत्यांनी ही संस्था काढली. तेव्हा आयर्लंडवर ब्रिटिशांचं राज्य होतं, आणि क्रिकेट-रग्बीसारख्या साहेबी खेळांपुढं आपले खेळ मरू नयेत हा त्यामागचा विचार होता. आज आयर्लंडच्या ३२ काउंट्यांमध्ये, म्हणजे ब्रिटनकडं असलेल्या उत्तर आयर्लंडमध्येसुद्धा, ही संस्था पसरलेली आहे. डब्लिनमधल्या क्रोक पार्क या त्यांच्या मुख्य स्टेडियममध्ये ८२ हजारांवर माणसं बसतात.

आणि त्या ८२ हजारांसमोर फायनल खेळणारा खेळाडू सोमवारी सकाळी परत शाळेत शिकवायला, बँकेत किंवा गोठ्यात गायींकडं जातो. कारण खेळ हौशी आहे. प्रवासाचा खर्च मिळतो, पगार नाही.

काउंटीची टीम ही वरची पायरी. खरा खेळ चालतो क्लबमध्ये. आणि क्लब कुठला निवडायचा हे बहुतेक वेळा खेळाडूच्या हातात नसतंच. एका चर्चच्या हद्दीतला परिसर, ज्याला तिथं पॅरिश म्हणतात, त्याचा तो क्लब. तुम्ही ज्या पॅरिशमध्ये जन्मलात तिथलेच तुम्ही. क्लब बदलायला परवानग्या लागतात आणि ते केलंच तर गावात वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. कोल्हापुरात पेठा आणि तालमींचा फुटबॉल ज्यांनी बघितलाय त्यांना यातली आग वेगळी समजावून सांगायला नको.

यात होतं असं की समोरची टीम पण तीच असते. दर वर्षी तीच. वयाच्या आठव्या वर्षी ज्या पोराबरोबर तुमची पहिली झटापट झाली, तोच तिशीपर्यंत तुमच्या छाताडावर मार्किंगला उभा राहतो. त्याच्या बापानं तुमच्या बापाला कधीतरी कोपर मारलेलं असतं. ते घरी जेवताना सांगितलेलं असतं.

मग भांडण पेटतं कुठून?

लोकांचा एक समज आहे की आयरिश माणूस तापट, म्हणून भांडणं. हे सांगायला सोपं आहे, पण त्यानं काही कळत नाही. खेळाच्या रचनेतच काही गोष्टी आहेत त्या बघायला पाहिजेत.

पहिली म्हणजे टॅकल. रग्बीमध्ये समोरच्याला कसा पाडायचा हे ठरलेलं आहे, कमरेला मिठी मारा आणि आडवा करा. साध्या फुटबॉलमध्ये हात लावायचाच नाही. गेलिक फुटबॉल या दोन्हींच्या मध्ये अडकलाय. नियम सांगतो की टॅकल बॉलवर करायचा, माणसावर नाही. उघड्या हातानं बॉल उडवायचा. खांद्याला खांदा भिडवायची मुभा आहे, पण बाजूनं, आणि एक पाय जमिनीवर ठेवून. आता समोरचा बॉल छातीशी कवटाळून पळतोय, तुम्ही हात मारताय, पाऊस पडतोय, चिखल आहे. बॉलला लागला, हाताला लागला की बरगडीत बसला? एकच धडक एका रेफरीला फाऊल वाटते, दुसऱ्याला नाही. खेळाडूला वाटतं, मघाशी माझ्यावर झाला तेव्हा शिट्टी नाही आणि आता वाजली. इथून राग साठायला लागतो.

दुसरी गोष्ट मैदानाची. गेलिकचं मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असतं. आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. त्यावर ३० खेळाडू आणि शिट्टी एकाच माणसाच्या तोंडात. पारंपरिक खेळात प्रत्येक फॉरवर्डला एक डिफेंडर चिकटलेला असतो. बॉल एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला या जोड्यांचा स्वतंत्र संसार चाललेला असतो. जर्सी ओढणं, पायावर पाय देणं, कानात काहीबाही बोलणं, हळूच पोटात गुद्दा. रेफरी मागं वळेपर्यंत एक जण खाली पडलेला आणि दुसरा हात वर करून "मी काय केलं?" म्हणतोय. दुसऱ्यांदा असं झालं की मार खाल्लेला स्वतःच हिशोब मिटवतो. रेफरी बघतो तो दुसरा ठोसा. लाल कार्ड त्यालाच.

मग बाकीचे धावत येतात. कुणी सोडवायला, कुणी सोडवायच्या नावाखाली हात साफ करायला. क्लब मॅचमध्ये तर बाऊंड्रीवरचे बदली खेळाडू, कोच, एखादा काका पण आत घुसतो. या प्रकाराला आयर्लंडमध्ये एक लाडाचं नाव आहे, शमॉझल. मिहॉल ओ'हेअर नावाचे रेडिओवरचे दिग्गज कॉमेंटेटर हा शब्द वापरायचे आणि तो घराघरात गेला. म्हणजे १५-२० माणसं एकमेकांना बडवतायत आणि त्याला नाव असं, की ऐकणाऱ्याला गंमत वाटावी. हा शब्द मला फार बोलका वाटतो. भांडणाला मजेशीर नाव मिळालं की ते भांडण उरत नाही, किस्सा होतो.

किस्से तर ढीगभर आहेत. १९८३ च्या ऑल-आयर्लंड फायनलमध्ये चार खेळाडू बाहेर काढले, त्यातले तीन डब्लिनचे. उरलेल्या १२ जणांनी गॉलवेला हरवून कप नेला. त्यांना 'डर्टी डझन' म्हणजे डागाळलेले बारा असं नाव पडलं, आणि डब्लिनमध्ये ते अभिमानानं घेतलं जातं. १९९६ मध्ये मीथ आणि मेयो यांच्यातली फायनल बरोबरीत सुटली, ती परत खेळवली तेव्हा सुरुवातीलाच तुफान हाणामारी झाली. शेवटी रेफरीनं दोन्हीकडचा एकेक जण बाहेर काढला. मेयोकडून गेला तो त्यांचा हुकमी माणूस होता, मेयो एका पॉइंटनं हरलं. ती मॅच नीट हाताळली गेली का, यावर मेयोत आजही वाद घालता येतो.

ही झाली मोठ्या टीमची गोष्ट. पण गावातली पोरं हेच बघून मोठी होतात.

रेफरी कोण असतो?

हा या सगळ्यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे.

क्लब मॅचचा रेफरी हा त्याच काउंटीतला, कुठल्यातरी क्लबचा सभासद असतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी शिट्टी. मिळतो तो प्रवासखर्चाच्या घरातला भत्ता. गोलपोस्टजवळ पांढरे कोट घालून जे चार अंपायर उभे असतात, गोल झाला की हिरवा आणि पॉइंट झाला की पांढरा झेंडा दाखवतात, ते बहुतेक वेळा रेफरी स्वतःच आणतो. भाऊ, मेव्हणा, मित्र, पोरगा. छोट्या मॅचला लाईन्समन तर खेळणाऱ्या क्लबांमधूनच उभे करावे लागतात. म्हणजे साईडलाईन बॉल कुणाचा हे सांगणारा माणूस एका टीमचाच.

रविवारी या रेफरीनं कुणाला तरी लाल कार्ड दाखवलं. सोमवारी तो दुधाच्या डेअरीवर, शाळेच्या गेटवर किंवा अंत्यविधीला त्याच घरच्या माणसांना भेटणार. बंदोबस्त नाही, गाडीपर्यंत सोडायला कुणी नाही. आणि रात्री त्यानं बसून रिपोर्ट लिहायचा असतो. तो रिपोर्ट हाच पुढच्या कारवाईचा पाया. त्यानं लिहिलं नाही तर घडलं नाही, असं धरून चालतात.

मनुष्यस्वभाव बघा. दहा जणांची हाणामारी झाली. सगळ्यांची नावं लिहिली तर दोन्ही गावं अंगावर येणार. मग दोन्हीकडचा एकेक जण लिहायचा आणि विषय संपवायचा. फिटंफाट. यात खरा मारणारा सुटतो आणि जो मध्ये पडला तो अडकतो.

अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जीएएच्या ४३८ सामनाधिकाऱ्यांना त्यांचे अनुभव विचारले. जवळपास ९४ टक्के लोकांनी शिवीगाळ सहन केल्याचं सांगितलं. सुमारे २३ टक्के लोकांना अंगावर हात टाकल्याचा अनुभव होता. म्हणजे साधारण चारातला एक. रॉसकॉमनची घटना त्याच वर्षाची. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये जीएएनं रेफरीचा मान राखण्यासाठी खास दिवस पाळला, दोन्ही टीमनी रेफरीशी हात मिळवायचे वगैरे. चांगलं आहे. पण शिव्या देणारे बहुतेक जण कुंपणाबाहेर असतात, आणि त्यांनी कुणाशी हात मिळवला?

शिक्षा होत नाही का?

होते. कागदावर तर भरपूर होते. पिवळं कार्ड, दोन पिवळी म्हणजे लाल. २०१४ पासून काळं कार्ड आलं, मुद्दाम पाय घालून पाडणं, धरून खाली ओढणं अशा गोष्टींसाठी. आधी काळं कार्ड मिळालेल्याच्या जागी दुसरा खेळाडू यायचा, २०२० पासून दहा मिनिटं बाहेर बसवतात. २०१४ पासूनच फुटबॉलच्या सगळ्या गटांत दातांचं गार्ड सक्तीचं झालं, ज्यावरून दातांचं काय होत होतं याचा अंदाज यावा. बंदी आठवड्यांत किंवा मॅचमध्ये मोजतात. डब्लिनचा स्टार डिअरमिड कॉनोली यानं २०१७ मध्ये लाईन्समनला हात लावला, तर १२ आठवडे घरी बसला. रेफरीवर हल्ला केल्याबद्दल ९६ आठवड्यांच्या बंदीची उदाहरणं आहेत.

पण बंदी लागणं आणि बंदी टिकणं यात फरक आहे.

क्लबच्या मॅचमध्ये काही झालं तर काउंटीची स्पर्धा कमिटी शिक्षा सुचवते. खेळाडूला ती मान्य नसेल तर काउंटीच्या सुनावणी कमिटीसमोर जायचं. तिथं हरला तर प्रांताकडं अपील. तिथंही हरला तर डिस्प्युट्स रेझोल्यूशन ऑथॉरिटी, म्हणजे डीआरए. ही २००५ मध्ये स्थापन झालेली लवाद यंत्रणा. ती काढायचं कारण मजेशीर आहे. त्याआधी बंदी लागलेले खेळाडू थेट कोर्टातून स्टे आणायला लागले होते. रविवारच्या मॅचसाठी शुक्रवारी न्यायाधीशासमोर.

या पायऱ्या चढताना "मी मारलं नाही" हे सिद्ध करायची गरज क्वचितच पडते. कमिटीनं कागदपत्रात कुठं चूक केली ते शोधायचं. एके काळी तर अपील आयर्लंडमध्येच बनलेल्या कागदावर नसेल तर ते फेटाळलं जायचं. स्वदेशीचा आग्रह होता म्हणून तो नियम, पण त्यात कित्येकांची प्रकरणं अडकली. क्लबमध्ये एखादा वकील सभासद असतोच, आणि अशा वेळी तो गावातला सगळ्यात लाडका माणूस होतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये ओमा गावात टिरोन विरुद्ध डब्लिन मॅचमध्ये एकामागून एक राडे झाले. नऊ खेळाडूंवर कारवाई काढली. पुढं अपिलांमध्ये ती गळून पडली. २०१५ मध्ये याच कॉनोलीला मेयोविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये लाल कार्ड मिळालं. मॅच बरोबरीत सुटली, सहा दिवसांनी परत खेळायची होती. दोन कमिट्यांनी त्याचं म्हणणं फेटाळलं. मॅचच्या आदल्या रात्री डीआरए बसली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर दोन विरुद्ध एक मतानं त्याला मोकळं केलं, सुनावणीची प्रक्रिया न्याय्य झाली नाही म्हणून. त्याच दिवशी तो खेळायला उतरला. डब्लिननं ती मॅच जिंकली आणि पुढं कपही.

आता प्रक्रिया न्याय्य पाहिजे यात वादच नाही. बिनपगारी खेळाडूचं एक वर्ष म्हणजे त्याच्या उमेदीचं एक वर्ष असतं. पण गावातल्या क्लबच्या सेक्रेटरीनं यातून काय धडा घेतला? लाल कार्ड हा निकाल नसून वाटाघाटीची सुरुवात आहे.

त्यात एक गंमत अजून आहे. कमिटीनं मॅचचा व्हिडिओ बघितला आणि रेफरीला विचारलं की ही घटना तू हाताळलीस का, आणि तो हो म्हणाला, तर विषय तिथंच बंद. रेफरीचा निर्णय परत उघडायचा नाही असं तत्त्व आहे. तत्त्व चुकीचं नाही, नाहीतर दर सोमवारी प्रत्येक मॅच नव्यानं खेळली जाईल. पण ज्याला पुढच्या रविवारी त्याच गावात शिट्टी वाजवायची आहे, तो माणूस काय उत्तर देईल?

आणि पोलीस? मैदानातल्या मारहाणीबद्दल कोर्टात शिक्षा झालेली प्रकरणं आयर्लंडमध्ये आहेत. पण मैदानातलं मैदानातच ठेवायचं, ही रीत जुनी आहे. शेजाऱ्याच्या पोरावर केस केली तर पुढची वीस वर्षं कशी काढायची हा प्रश्न मार खाल्लेल्यालाच पडतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. दर आठवड्याला या छोट्या देशात असंख्य मॅच होतात आणि बहुतेक मॅचनंतर खेळाडू एकाच पबमध्ये जाऊन बसतात. पूर्वी राडा झाला की तो बघायला हजर असलेल्यांपुरता राहायचा. आता कुणीतरी मोबाईल काढतो आणि रात्री ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून परदेशातल्या आयरिश पोरांपर्यंत पोहोचते. त्यामुळं हिंसा वाढली की दिसायला लागली, यावर तिथं वाद आहे. मला तरी दिसायला लागली हे चांगलंच वाटतं. २०२२ च्या जूनमध्ये क्रोक पार्कवर आर्मा आणि गॉलवेच्या खेळाडूंमध्ये जुंपली, त्यात एकाची बोटं दुसऱ्याच्या डोळ्यापाशी गेलेली कॅमेऱ्यात दिसली आणि २४ आठवड्यांची बंदी बसली. कॅमेरा नसता तर तोही शमॉझलच्या किश्श्यात विरघळून गेला असता.

२०२५ ला काय बदललं

डब्लिनला सहा वेळा ऑल-आयर्लंड जिंकून देणारा कोच जिम गॅविन याच्या अध्यक्षतेखाली जीएएनं एक कमिटी बसवली. काम होतं खेळ बघण्यासारखा करायचं. पण त्यांनी शिस्तीचे दोन नियम आणले ते जास्त कामाचे निघाले.

पहिला, रेफरीशी फक्त कॅप्टन बोलणार. दुसरा, निर्णयावर हुज्जत घातली किंवा फ्री किक मिळालेल्या टीमला बॉल लगेच दिला नाही, तर ती किक ५० मीटर पुढं जाणार. ५० मीटर म्हणजे स्वतःच्या हाफमधली साधी किक थेट समोरच्याच्या गोलपुढं. हे लीग सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच कळलं. ज्या खेळाडूंनी आयुष्यभर रेफरीच्या तोंडापुढं बोटं नाचवली, ते बॉल जमिनीवर ठेवून हात मागं घेऊन उभे राहायला लागले.

यात कमिटी नाही, सुनावणी नाही, वकील नाही. शिक्षा तिथल्या तिथं आणि सगळ्या टीमला. तुमच्या बडबडीमुळं पॉइंट गेला की तुमचाच गोलकीपर तुम्हाला शिव्या घालतो. रेफरीला कुणाचं नाव लिहायची गरज उरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जीएएच्या खास अधिवेशनात हे नियम कायमचे झाले.

हे नियम क्लबच्या मॅचलाही लागू आहेत. रविवारी सकाळच्या चौदा वर्षांखालच्या पोरांच्या मॅचलासुद्धा कॅप्टन सोडून कुणी रेफरीजवळ जायचं नाही. पोरं ते पटकन शिकली. मात्र ५० मीटरची किक मैदानातल्या खेळाडूंना लागते, कुंपणाला टेकून ओरडणाऱ्या बापाला नाही. आणि मॅच संपल्यावर पार्किंगपर्यंत रेफरीला अजूनही एकट्यालाच चालत जावं लागतं.